जागेपणी घेतलेली प्रत

आईने दोन कपांत चहा ओतला. “बाबांना उठव गं, चहा निवेल,” म्हणता म्हणता तिच्या डोळ्यांना धार लागली. “अगंबाई, रडू कशाचं येतंय मला?”

हेमांगीला ठाऊक होतं. आठवणींची प्रत माणूस झोपल्यावर घ्यायची असते. तिने घाईत जाग्या आईची घेतली होती आणि मध्येच बाबा गेल्याचा फोन आला. पुढे आजारात आईच्या आठवणी पुसल्यावर तीच प्रत परत भरली, तर दुःख परत आलं, बातमी मात्र सुटून गेली. आता सुटलेलं जवळच्या माणसाने सांगायचं, एवढाच उपाय होता.

“आई, बाबा...”

“थांब. आधी त्यांचा चहा झाक.”

हेमांगीने कपावर बशी ठेवली. तिच्या घाईपायी आई आज दुसऱ्यांदा विधवा होणार होती.