तिसऱ्या गाण्याआधीचा निरोप

"शटर पूर्ण खाली ओढा," सलूनवाला म्हणाला. "आवाज बाहेर गेला की वरचा म्हातारा काठी आपटतो."

शटर खडखडत खाली आलं. शिंपीणबाईने आपलं स्टूल त्याला आणखी चिकटवलं. दरवर्षी ती तिथेच बसायची. ताईंना हवा लागते, असं बाकीच्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं.

रविवारची दुपार. सलूनच्या तळघरात अकरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. 'पोटमाळा'ला आज दहा वर्षं झाली. भोंगा आणि त्याचा जोडीदार, दोघेही नावाजलेले रॅपर, दोघांचे ग्रुप वेगळे. पण एका उन्हाळ्यात हौस म्हणून दोघं एका पोटमाळ्यावर चढले, हा एकच अल्बम केला आणि उतरून आपापल्या वाटेने गेले. जग तो विसरलं. हे अकरा जण नाही विसरले.

यंदा तर नवलच झालं होतं. सलूनवाल्याच्या पत्राला पहिल्यांदा उत्तर आलं होतं. पाच वाजता भोंगा स्वतः फोन करणार होता. पाचच मिनिटं. बोलायचं कोणी? तर नक्कल जिंकेल त्याने.

नक्कल त्या निरोपाची. तिसऱ्या गाण्याआधी फोनचं बीप वाजतं, मग एक बाई बोलते. "मी बोलतेय. त्याने बाहेरून कडी लावलीय. तू ये. लवकर ये." शेवटच्या 'ये'वर ठेका पडतो आणि अंगावर काटा येतो. एकेकाळी पोरांनी त्याची रिंगटोन केली होती. मंडळातला लिफ्ट दुरुस्त करणारा तर आत अडकलेल्या माणसांना धीर देण्याआधी त्यांना हेच ऐकवायचा आणि वर शिव्या खायचा.

शिंपीणबाईला जिंकायचंच होतं. भोंगाला तिला एकच गोष्ट विचारायची होती. दहा वर्षं तो प्रश्न तिच्यासोबत मशीनवर बसत होता, तिच्या ताटात जेवत होता, उशीवर डोकं टेकलं की शेजारी कूस बदलत होता. तिने त्याच्या ऑफिसला तीन पत्रं धाडली. तिन्ही वेळा सही केलेला फोटो आला.

"तीन-तीन फोटो!" बेकरीवाली हळहळली. "ताई, एक तरी द्या मला. लोणचं घालणार आहात का त्यांचं?"

"तिन्ही घेऊन जा."

सगळे हसले. कोणाला खरं वाटलं नाही.

नकला सुरू झाल्या. लिफ्टवाल्याने डोक्यावर टॉवेल घेऊन असा काही बारीक आवाज काढला की सलूनवाला खुर्चीवरून घसरला. बेकरीवाली मात्र रडली. खरंखुरं पाणी काढलं तिने डोळ्यांतून, आणि तळघर चिडीचूप झालं.

मग शिंपीणबाई उठली. छत एकदम खाली आल्यासारखं वाटलं तिला. तिने एक हात मागे शटरवर ठेवला आणि गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी चार वाक्यं सांगून टाकली.

"पाठांतर पक्कं आहे ताई," सलूनवाला जरा ओशाळून म्हणाला. "पण भीती कुठंय? मूळ बाई 'तू ये' झाल्यावर हुंदका देते बघा."

"हुंदका नाही तो," शिंपीणबाई म्हणाली. "ओठ फाटलाय तिचा. म्हणून थांबते."

लिफ्टवाल्याने मांडीवर थाप मारली. "घ्या! ताईंनी टाकेसुद्धा घातले असते! एवढं तर भोंगालाही माहीत नसेल."

हात वर झाले. बेकरीवालीला आठ. शिंपीणबाईला एक, तोही सलूनवाल्याचा, दयेपोटी.

तिला उठून निघून जावंसं वाटलं. पण शटर खाली होतं, आणि अल्बम संपेपर्यंत जागचं हलायचं नाही हा मंडळाचा नियम. गाणी पुन्हा पहिल्यापासून लागली होती. दुसरं संपलं. बीप वाजलं. दहा तोंडांनी एका सुरात निरोप म्हटला, हसत, डोलत. अकरावं तोंड मिटलेलं राहिलं. घामाने तिची पाठ शटरला चिकटली होती.

शेवटचं गाणं संपताच ती बेकरीवालीकडे सरकली. "मला अर्धं मिनिट देशील? पाया पडते तुझ्या."

"अहो ताई, पाया कसल्या पडता!" बेकरीवालीने तिचे हात धरले. "बोला की. माझी तर त्याच्यापुढे जीभच टाळ्याला चिकटणार आहे."

पाचला फोन आला. सलूनवाल्याने तो स्पीकरवर टाकून मधल्या स्टुलावर ठेवला.

"काय मंडळी, अजून ऐकता ते भंगार?" भोंगाचा तोच घोगरा आवाज. तळघर आनंदाने किंचाळलं. वर काठी आपटली.

बेकरीवालीने मंडळातलं दहा वर्षांचं भांडण एका दमात पुढे केलं. "सर, ती निरोपातली बाई कोण होती?"

पलीकडून हसणं आलं. "ती होय! नाटकातली नटी होती एक. दोन तास बसवून घोकून घेतलं, तेव्हा कुठे जमलं तिला."

"म्हटलं नव्हतं मी?" लिफ्टवाला ओरडला. "नटीच!"

"ताई, तुम्ही. लवकर, मिनिटच उरलंय," सलूनवाल्याने फोन तिच्यापुढे धरला.

"बोला, बोला," भोंगा म्हणाला. "कोण बोलतंय?"

शिंपीणबाईने फोन दोन्ही हातांत घेतला. याही वेळी तिचा आवाज कापला नाही.

"दादा, धाकटी बोलतेय. माझा निरोप तुला पोचला होता, हे तुझं गाणं ऐकून कळलं मला. मग आला का नाहीस?"