पत्राचा सूर

फळ्याशेजारच्या तक्त्यावर लेखनाचा सूर सांगणारे पंचवीस शब्द होते. नववीच्या वर्गात नुसतं 'छान' लिहायला कर्णिकबाईंची सक्त मनाई होती.

दिवाळीपासून पर्समध्ये पडून असलेलं पत्र त्यांनी आज फळ्यावर उतरवलं. कुणाचं, ते सांगितलं नाही. 'तुला सवड नसणारच. तुझी खोली रंगवून घेतलीय. आलीस तर बरं, नाही आलीस तरी चालेल.'

उत्तर बाईंच्या वहीत तयार होतं: खोचक.

तहसीनने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "आर्जवी, बाई."

"अगं, 'नाही आलीस तरी चालेल' असं स्पष्ट लिहिलंय की!"

"चालणार असतं, तर खोली कशाला रंगवली असती?"

बाईंनी वहीतला शब्द खोडला. मधल्या सुट्टीत रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: वडिलांनी बोलावलं आहे.