बोल्ट बसेना

रायफलीचा बोल्ट पुन्हा नखभर अलीकडेच अडला.

जानकीरामनं काडतूस बाहेर काढलं, दुसरं घातलं. तेही तसंच अडलं. तिसरं घालताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही. मागं त्याचा साडू व्यंकोबा बसला होता, आणि व्यंकोबाची काडतुसं मघाशी याच रायफलीत, याच बाकावरून, एकही न अडता गेली होती.

रायफल कुंभकोणमच्या नेमबाजी क्लबची. सेमी-ऑटोमॅटिक, आणि पोटाची नाजूक. काडतूस जरा वेडंवाकडं असलं की तिला पचत नाही. म्हणून दोघे साडू झाडलेली पितळी काडतुसं क्लबच्या शेडमध्ये एकाच यंत्रावर पुन्हा भरायचे. दारू एकाच डब्यातली, माप एकच. राज्य स्पर्धेसाठी जागाही एकच, आणि ती कुणाची हे आज ठरणार होतं.

ती जागा जानकीरामला हवी होती. खरं सांगायचं तर ती व्यंकोबाला मिळू नये, हे त्याहून जास्त हवं होतं. लग्न झाल्यापासून हेच. व्यंकोबा थोरला जावई, म्हणून सासऱ्यांच्या पंक्तीत पहिलं पान त्याचं. गोविंदपुरमला भजनात मृदंग त्याच्या मांडीवर, जानकीरामच्या हातात टाळ. व्यंकोबाची मुलगी डॉक्टर झाली. बरं, स्वभाव इतका गोड की भांडायचीही सोय नाही. माणसानं जळायचं तरी कशाच्या आधारावर?

"अजून किती वेळ, सार?" पंच राजगोपालनं तमिळमध्ये विचारलं.

"बघतो आहे."

तो खरंच बघत होता. कॅलिपर लावून लांबी मोजली, ती बरोबर. पोलादी मापात काडतूस टाकून पाहिलं, ते अलगद खाली बसलं. पितळ कुठं फुगलेलं नाही, तोंड वाकडं नाही. काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये ब्रश फिरवला, तिथंही काही नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणावं, तर अंगण व्यंकोबालाही हेच होतं.

पूजेचा विचारही मनात येऊन गेला. काल आयुधपूजा झाली होती. दोघांचे डबे जानकीरामच्याच घरी एका पाटावर मांडले होते. पूजा मांडली ती शिवकामीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आणि तिच्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे व्यंकोबाच्या बायकोनं. पूजेला बसवलेल्या आयुधाला दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, ही घराण्याची रीत. त्यामुळे आज सकाळी शिवकामीनं डबा पुसून हातात दिला आणि तो तसाच घेऊन आला. पण व्यंकोबाचा डबाही त्याच पाटावरून आला होता. गंध लागलं असेल तर दोघांच्याही काडतुसांना लागलं असेल. जानकीरामनं तो विचार सोडून दिला.

मग एकच विचार उरला, आणि तो त्याला मनापासून आवडला. काल संध्याकाळभर व्यंकोबा त्या पाटापाशीच बसून होता.

तेवढ्यात व्यंकोबा उठून जवळ आला. त्यानं आपला डबा पुढं केला.

"माझी घे. माप एकच आहे. मजला आता काय करायची?"

मदत, आणि तीही सगळ्यांदेखत. जानकीरामच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमची नकोत," तो म्हणाला. "माझ्या काडतुसांना काल काय केलंत, तेवढं सांगा."

शेडमधल्या मराठी न कळणाऱ्यांनाही सूर कळला. व्यंकोबाचा चेहरा पार उतरला. तो डबा मिटून जागेवर जाऊन बसला. राजगोपालनं घड्याळ पाहिलं, थोडा थांबला आणि जानकीरामच्या नावावर काट मारली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा, तर निदान अपशकुन तरी व्हावा. इथं व्यंकोबाचं नाव फळ्यावर चढलं.

दारासुरमला घरी आल्यावर जानकीराम कुणाशी बोलला नाही. भिंग घेऊन बसला. व्यंकोबाचं पाप शोधून काढल्याशिवाय त्याला जेवण जाणार नव्हतं.

काडतुसाच्या बुडाशी सभोवार एक बारीक खाच असते. रायफलीचा आकडा तीत अडकला तरच बोल्ट बसतो. पोलादी मापात बूड बाहेरच राहतं, म्हणून तिथं काही कळलं नव्हतं. त्यानं खाचेतून टाचणी फिरवली. कागदावर पिवळी पूड पडली, तिच्यात थोडं कुंकू. वाळून दगड झालेलं चंदन. दुसऱ्या काडतुसात तेच. डब्यातल्या एकूण एक काडतुसात तेच.

"गंध तू लावलंस?" त्यानं विचारलं.

"मीच. एकेकाच्या बुडाला, नीट." शिवकामी प्रसादाची हरभऱ्याची सुंडल वाटीत काढत होती. "वरवरचं सकाळी पुसलं. का हो?"

"मग व्यंकोबाची कशी चालली?" त्याचा आवाज चढला. "त्यांनाही तूच लावलंस ना?"

शिवकामीनं आधी दाराबाहेर पाहिलं, कुणी ऐकत नाही ना म्हणून. मग जवळ सरकली. शाबासकी मिळणार, या खात्रीनं तिचा चेहरा फुलला होता.

"अक्का सांगत होती लाव म्हणून. मी नुसता हात फिरवला," ती हळूच म्हणाली. "देवाचा आशीर्वाद भावोजींना कशाला? त्यांच्या एकालाही टेकवलं नाही. सगळं गंध तुमच्याच काडतुसांना थापलं."