रस्त्याचं विरजण

आज रस्त्याला जेवू घालायची पाळी सगुणाबाईंची होती. त्यांनी वेशीपाशी ताक-गुळाची बादली ओतली, तसे रस्त्यातले जिवाणू जागे झाले आणि दुधावर साय धरावी तसा खड्डा भरून आला. वेशीपलीकडचा सरकारी रस्ता मात्र उपासमारीनं गेला होता, कारण त्याच्या अनुदानाचा गूळ वाटेतच संपायचा.

तेवढ्यात इंजिनिअर दाभोळे गाडी खड्ड्यात सोडून, डबा घेऊन चालत आले.

"मावशी, तुमच्या रस्त्याचं वाटीभर विरजण द्या. आमचा पुन्हा लावायचाय."

"दिवेलागण झाली, साहेब. आता विरजण घराबाहेर जात नाही."

"अहो, राज्यमार्ग आहे तो."

"असेल. विरजण घरचं आहे. जेवा, झोपा, सकाळी न्या."

सकाळी सगुणाबाई वाटी घेऊन आल्या, तर साहेब वेशीवर उकिडवे बसलेले. रातोरात गावचा रस्ता वेस ओलांडून गेला होता आणि सरकारी रस्त्याचा पहिला खड्डा भरला होता.

"तुम्ही नाही म्हणालात, पण यानं दिलं की," साहेब म्हणाले.

सगुणाबाईंनी पदर सावरला.

"देणारच. आमच्या हातचं खाऊन वाढलाय तो. शेजारी उपाशी असला की त्याला झोप लागत नाही."