पहिली उचल

दोन्ही बोटी सकाळपासून धक्क्याला लागून होत्या आणि सोमेशचं अजून ठरत नव्हतं.

"पहिली उचल तुझी," वीरण्णा म्हणाला. "रीत हाय. थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा."

उदगीरची आडत सोडून या दोघा भावांनी नांदेडजवळ गोदावरीच्या फुगवट्यावर स्पीडबोटी सुरू केल्या, त्याला सहा वर्षं झाली. आता वेगळं निघायचं होतं. तो विषय काढला सोमेशनंच. बाकी सगळं निम्मं निम्मं झालं, उरल्या या बोटी. मोठी अठ्ठावीस फुटी, दोन इंजिनांची. वेग घेतला की नाक वर करून अशी सुटायची की काठावरची माणसं हातातला घास तसाच धरून बघत. दुसरी एकोणीस फुटी, एका इंजिनाची. चपळ, पण लहान ती लहानच.

सोमेशचा जीव मोठीवर होता, हे साऱ्या धक्क्याला ठाऊक. मग अण्णा ती इतक्या सुखासुखी सोडतोय कसा? इथंच त्याच्या मनात पाल चुकचुकली.

अण्णा त्याला लहानपणापासून सलत आलेला. पाहुणे अण्णाला विचारणार, गिऱ्हाईक अण्णालाच शोधत येणार. अण्णाच्या ताटातली भाकरीसुद्धा याला आपल्यापेक्षा मोठी दिसायची.

आणि गेले आठ दिवस अण्णा लहानीला चिकटून होता. पाणी कापणारा पंखा नवा बसवला, गाद्या बदलल्या, पहाटे एकटाच फेरी मारून हसत परत आला.

"अण्णा, मोठीत काही खोट हाय का?"

"न्हाई रे. झकास हाय."

"मंग लहानीला येवढं का सजवून राहिलास?"

वीरण्णानं हात पुसले. "असंच."

असंच! सोमेशला तेवढं पुरलं. लहानीला पेट्रोल कमी, वळण झटपट. अण्णानं सगळा हिशोब आधीच मांडलाय, आणि हत्ती आपल्या गळ्यात मारतोय. मोठीची ओढ बघता बघता विरली. अण्णाला हवं ते अण्णाला मिळू द्यायचं नाही, एवढंच मनात उरलं.

साक्षीला शिरूर अनंतपाळहून पंचाक्षरीमामा आले होते. त्यांनी विचारलं, "बोल बाबा, कोणती?"

"लहानी."

मामांनी चमकून पाहिलं. वीरण्णाची बायको दानम्मा काहीतरी बोलायला पुढं आली, पण वीरण्णानं तिला हातानंच थांबवलं.

"इचार केलास न्हवं, सोमू?"

"हाव. रीत म्हंजे रीत. आता बदल न्हाई."

वीरण्णाचा चेहरा उतरला. तो पाहून सोमेशला कित्येक दिवसांनी बरं वाटलं.

लहानी बाहेर काढायला मोठी आडवी येत होती. सोमेशनं झपाट्यानं तिचा दोर सोडला आणि पायानं तिला ढकललं. वाऱ्यानं ती हळूहळू फिरली. धक्क्यावरून न दिसणारी तिची पाण्याकडची बाजू समोर आली. तिच्यावर लालभडक, हातभर अक्षरांत नाव रंगवलेलं होतं : सोमेश.

वीरण्णानं खांद्यावरचा टॉवेल काढला.

"रंग वला हाय अजून," तो म्हणाला. "पुसून निघंल."