ओलं टोक

कल्पना करा बाळांनो, खोलीभर लांब असं गोधडी शिवायचं मशीन आहे. आई तान्ह्या बाळासाठी गोधडी शिवते आहे. नुकतीच ताई झालेली मुलगी दूर दाराशी बसून बघते आहे. तिच्यासाठी आईने कधी गोधडी शिवली नव्हती.

बाळाचं नाव शिवायला घेतलं की दोरा तुटायचा. आईने सुई बदलली, दोऱ्याचा ताण सैल केला. तरी तो तिथेच तुटला.

“टोक ओलं कसं गं? कुणी दाताने तोडल्यासारखं.”

“मी तर इथे आहे.”

“तुला कोण काय म्हणतंय, वेडाबाई?”

ताईने जीभ फिरवली. दाढेत निळा दोरा अडकला होता.

आई पुन्हा सुईत दोरा ओवायला वाकली. ताईने तोंड घट्ट मिटून आवंढा गिळला, आणि बंद मशीनवरचं निळं रीळ सावकाश फिरू लागलं. तिने आणखी एक आवंढा गिळला.