भाकरीखालची चिठ्ठी

उंद्रीहून पंचफुला सकाळच्या एसटीनं डबा धाडायची आणि बुलढाण्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी तिची लेक महामाया तो कंडक्टरच्या हातून घ्यायची. भाकरीखाली चिठ्ठी ठरलेली: ‘मी बरी आहो.’ पंचफुलाच्या स्तनातली कॅन्सरची गाठ काढली तेव्हा तिनं लेकीला विचारलं, “रोग पसरते कसा व?” “तू मले डबा धाडते ना, तशी गाठ रक्तातून बारीक पिशव्या धाडते. आत आरएनएची चिठ्ठी. फुप्फुसातल्या चांगल्या पेशी ती वाचतात अन् गाठीसाठी जागा करून ठेवतात.” आई म्हणाली, “गाठ तं काढली. पन तिनं आधीच धाडलेल्या डब्यायचं काय?” तेव्हापासून महामाया स्टँडवरच डबा उघडून आधी चिठ्ठी वाचायची. आज भाकरीच्या वाफेनं चिठ्ठी ओलसर होती: ‘पंधरा दिसापासून खोकला थांबून नाही राह्यला, माय. गाठीचा डबा पोचला वाटते.’